बेल्जियमच्या दप्तरातले खापरपणजोबा : एका ऑनलाइन अभिलेख सेवेचा अनुभव

भूमी अभिलेख खात्यात उभी नोकरी करून परभणीत निवृत्त झालेल्या माणसाने बेल्जियमच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ऑनलाइन सेवेविषयी लिहावे, याला कारण माझे व्याही. मुलीचे सासर अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे शहराजवळ आहे. व्याह्यांचे खापरपणजोबा बेल्जियममधून तेथे आले एवढे घरात सर्वांना ठाऊक होते. पण गाव कोणते आणि आईवडील कोण, हे कोणालाच सांगता येईना. 2023 पासून निम्मा मराठवाडा कुणबी दाखल्यासाठी खासरा पाहणी पत्रके (जुने जमीन-पीक कागद) आणि मोडीतील नोंदी धुंडाळतो आहे व त्यापायी माझ्या ओसरीवर रोज दोन-चार जण येऊन बसतात, हे मुलीने तिकडे सांगितले असावे. व्याह्यांनी व्हिडिओ कॉलवर सरळ विचारले, "आमचेही एक दप्तर बघता का?"

त्यांनी आधी एका खासगी संकेतस्थळाला वर्षाची वर्गणी भरली होती. त्या संकेतस्थळाने दोन दिवसांत सतराव्या शतकापर्यंतची वंशावळ जुळवून दिली, फक्त ती दुसऱ्याच कोणाची होती. नाव तेच, आडनाव तेच, जिल्हा मात्र वेगळा. एका गावात एकाच नावाचे तीन खातेदार असतात, हे ज्याला ठाऊक आहे तो अशी चूक करत नाही. त्या संकेतस्थळाचे नाव येथे घेत नाही.

शोधाची सुरुवात बेल्जियममधून नव्हे, अमेरिकेतून करावी लागते. विस्कॉन्सिनमधील ही वस्ती 1853 पासून ब्राबां प्रांतातल्या, मुख्यतः ग्रे-द्वासो आणि आसपासच्या खेड्यांतल्या फ्रेंच व वालून बोलणाऱ्या शेतकऱ्यांनी वसवली. 8 ऑक्टोबर 1871 च्या पेश्टिगोच्या वणव्यात तिचा मोठा भाग जळाला आणि व्याह्यांच्या घरचे कागदही त्यातच गेले. चर्चच्या वहीत एका बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचे माहेरचे आडनाव तेवढे सापडले आणि पुढचे सारे काम त्या एका आडनावावर उभे राहिले. "एलिस बेटावर आमचे आडनाव बदलले" ही घरातली कथा मात्र सोडून द्यावी लागली, कारण हे कुटुंब 1856 साली आले आणि न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावरचे स्थलांतरितांच्या तपासणीचे केंद्र 1892 मध्ये सुरू झाले. आडनावाच्या शेवटी लिहिली जाणारी पण उच्चारात न येणारी फ्रेंच अक्षरे पुढे जनगणनेच्या कारकुनांनी ऐकू आले तसे लिहिताना गाळली, एवढाच तो बदल आहे.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. नावनोंदणी करावी लागते. नोंदवह्यांची छायाचित्रे पाहायला पैसे पडत नाहीत. नाव टाकले की उत्तर हाती येईल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. काही नोंदींची नावनिहाय सूची आहे, बाकी ठिकाणी गाव आणि वर्ष निवडून पान पान उलटावे लागते. येथे दर दहा वर्षांच्या वर्णानुक्रमी सूची फार उपयोगी पडतात. मी सात गावांच्या सूची पाहिल्या, आणि सहाव्या गावात 1848 सालचा विवाह मिळाला. मोबाइलच्या पडद्यावर हे काम करू नये, डोळे जातात.

विवाहाची नोंद म्हणजे या दप्तराचे खरे धन आहे. त्यात वधूवरांची वये, जन्मगावे, धंदे, दोघांच्याही आईवडिलांची नावे आणि साक्षीदार असतात. शिवाय विवाहासाठी दाखल केलेले जन्माचे व आईवडिलांच्या मृत्यूचे उतारे वेगळ्या गठ्ठ्यात जपलेले असतात. त्याहून मोलाची गोष्ट अशी, की बेल्जियमच्या सरकारी नोंदीत स्त्री मरेपर्यंत माहेरच्याच आडनावाने ओळखली जाते. आमच्या वंशावळीत पणजीपुढे फक्त "सेलूची" एवढेच लिहिले आहे. तिचे नावसुद्धा नाही.

वराच्या वडिलांचा जन्म शोधताना आणखी एक गाठ पडली. तारीख होती "वर्ष 9, ब्रुमेर". बेल्जियम तेव्हा फ्रेंच अमलाखाली होता आणि तेथील मुलकी जन्म-मृत्यू नोंदणीही त्याच अमलात 1796 पासून सुरू झाली. 1805 अखेरपर्यंत तारखा फ्रेंच क्रांतीच्या पंचांगाप्रमाणे पडत. निजामाच्या दप्तरातील फसली सनात 590 मिळवून इसवी सन काढण्यात माझी हयात गेली, त्यामुळे याची भीती वाटली नाही. वर्ष 9 चा ब्रुमेर म्हणजे 1800 चा ऑक्टोबर-नोव्हेंबर. त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या लॅटिन वह्या आहेत, तेथपर्यंत मी गेलो नाही.

फ्रेंच येत नसल्याने अडते, पण फार नाही. नोंदींचा मजकूर ठरीव साच्याचा असतो. जन्मला, मुलगा, विधवा, शेतकरी, रोजंदारी मजूर असे चाळीसेक शब्द वहीत उतरवून घेतले की पान लागते. आमचे खापरपणजोबा रोजंदारी मजूर निघाले, व्याही हिरमुसले नाहीत हे विशेष.

कोणते कागद मिळणार नाहीत, हेही आधी समजून घ्यावे. अँटवर्प बंदरातून निघालेल्यांच्या जुन्या याद्या नष्ट झाल्या असून त्या काळातील 1855 ची तेवढी उरली आहे. आमचे कुटुंब नेमके पुढच्या वर्षी निघाले. सध्याच्या नियमाप्रमाणे जन्माची नोंद 100, विवाहाची 75 आणि मृत्यूची 50 वर्षांनंतरच सर्वांना खुली होते. गावच्या लोकसंख्या नोंदवहीत मात्र शेरा पाहावा. आमच्या कुटुंबाच्या ओळीवर एक आडवी रेघ ओढलेली आहे आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द आहे, "आमेरिक".

पाचपैकी साडेचार गुण मी या सेवेला देईन. अर्धा राखून ठेवला तो पान उलटण्याच्या श्रमापोटी. विवाहाच्या नोंदीखाली वराची थरथरती सही आहे आणि वधूला लिहिता येत नसल्याचे अधिकाऱ्याने नमूद केले आहे. त्या पानाची मोठी प्रत मी स्टेशन रोडवर छापून घेतली असून पुढच्या महिन्यात मुलगी येईल तेव्हा तिच्याबरोबर पाठवणार आहे.