लेखी परीक्षा की प्रत्यक्ष कसोटी: फायर डिपार्टमेंटमधलं प्रमोशन

अमेरिकेतल्या शहरांत फायर डिपार्टमेंटचं प्रमोशन कसं द्यायचं यावर जुना वाद आहे, एक पर्याय लेखी परीक्षा, दुसरा प्रत्यक्ष प्रसंग देऊन जोखणं. लेखीचा फायदा सरळ आहे, मार्क दिसतात, वशिला चालत नाही. पण कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरात २००३ला लेखीला ६० टक्के नि तोंडीला ४० टक्के वजन होतं, लेखीत १०० बहुपर्यायी प्रश्न, आणि निकालानुसार एकाही कृष्णवर्णीयाला लगेच प्रमोशन मिळत नव्हतं, म्हणून शहराने निकालच रद्द केला! ज्यांनी रात्रंदिवस अभ्यास केला ते कोर्टात गेले आणि २००९ला सुप्रीम कोर्टात ५-४ने जिंकले. मला तर त्यांचाही राग समजतो.

दुसऱ्या पद्धतीत समजा जिन्यात धूर आहे, वर दोन माणसं अडकलीयत, आता आधी काय करशील ते सांग. कॅप्टनचं, म्हणजे तुकडीच्या प्रमुखाचं, काम हेच ना? शेजारच्या ब्रिजपोर्टने तोंडीला जास्त वजन दिलं होतं. खर्च जास्त, परीक्षक नीट तयार करावे लागतात, नाहीतर परत ओळखीपाळखी सुरू. तरी माझं मत दुसऱ्या पद्धतीलाच, फक्त वजन परीक्षेआधी ठरवा, निकाल बघून नको.