फेनॉलिक स्पेसर सांगून साधं प्लास्टिक बसवलं, आणि हेडचे आटे गेले ते वेगळंच

हे लिहायला जरा उशीरच झाला, पण गाडीचं काम पूर्ण होईपर्यंत मनच लागत नव्हतं. इनटेक मॅनिफोल्डखाली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाखाली) हीट स्पेसर बसवायचा विचार करत असाल तर आधी हे सगळं वाचा, लांबलंय पण वाचा, कारण मला यातलं निम्मं जरी कोणी आधी सांगितलं असतं तरी हेडचे, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचे, आटे वाचले असते.

सुरुवात अशी झाली की ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकलं की गाडी सुस्त व्हायची. रस्ता मोकळा झाल्यावर ॲक्सिलरेटर दाबावा तर सुरुवातीला पिकअपच नाही, मग हळूहळू ताळ्यावर यायची. बॉनेट उघडून मॅनिफोल्डला हात लावला तर चटका बसायचा. माझ्या गाडीचा मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा आहे, तो हेडला घट्ट आवळलेला, मधे पातळ पॅकिंग, त्यामुळे हेडची उष्णता सरळ वर चढते आणि आत येणारी हवा तापते. गरम हवा विरळ असते, त्यात ऑक्सिजन कमी, म्हणून ताकद कमी. यालाच हीट सोक म्हणतात. त्यावरचा उपाय म्हणजे हेड आणि मॅनिफोल्डच्या मधे उष्णता अडवणारी जाड पट्टी घालायची. ही कल्पना खोटी नाहीये, ते आधीच सांगतो, मी त्या वस्तूच्या विरोधात लिहीत नाहीये, मला जे फसवलं गेलं त्याबद्दल लिहितोय.

ओळखीच्या ओळखीतून एक जण मिळाला, गाड्यांची परफॉर्मन्सची कामं करतो म्हणे. बोलायला एकदम गोड. "दादा, आपल्याकडे फक्त ओरिजिनल फेनॉलिक, दहा एमएमचं, एकदा बसवलं की विसरून जा. पिकअप वाढेल, इंजिन थंड राहील आणि ॲव्हरेज पण वाढेल." (फेनॉलिक म्हणजे बेकलाइटसारखं, गरम झालं तरी न वितळणारं मटेरियल.) मी विचारलं, भाऊ बिल मिळेल ना, तर म्हणाला "काम आवडलं तर बिलाचं काय घेऊन बसलात." तिथंच उठायला हवं होतं पण मी नाही उठलो.

आता त्याने मला पटवलं कसं ते नीट बघा, कारण हीच युक्ती दुसऱ्यांवरही होणार. मी संध्याकाळी ट्रॅफिकमधून गाडी नेली, इंजिन तापलेलं, त्याने लगेच बॉनेट उघडलं, हातात ती तापमान मोजायची गन, लाल ठिपका टाकला, ७८ आलं. "बघा, किती तापतंय." गाडी रात्रभर ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी काम केलं, काम करताना मॅनिफोल्ड वायर ब्रश मारून चकाचक करून दिला, मला तर फार बरं वाटलं की माणूस मनापासून काम करतोय. मग इंजिन चालू करून थोडा वेळ ठेवलं आणि परत गन दाखवली, ४१! स्कॅनर लावून आत येणाऱ्या हवेचं तापमान दाखवलं, आदल्या संध्याकाळी ५२ होतं ते आता ३४. दोन्ही वेळचा व्हिडिओ मी स्वतःच मोबाईलवर काढला होता, मित्रांना दाखवायला.

तो व्हिडिओ दोन महिन्यांनी मी थांबवून थांबवून बघितला तेव्हा पोटात खड्डा पडला. पहिल्यांदा लाल ठिपका मॅनिफोल्डवर नाहीच, त्याच्या शेजारून जाणाऱ्या काळ्या रबरी पाइपवर आहे, ज्यातून गरम कूलंट जातं. दुसऱ्यांदा ठिपका आहे घासून चकचकीत केलेल्या ॲल्युमिनियमवर. आणि ही गन चकचकीत धातूचं तापमान बरोबर दाखवतच नाही. ती पृष्ठभागातून बाहेर पडणारी उष्णतेची किरणं मोजते, काळ्या खरखरीत वस्तूतून ती भरपूर पडतात, चमकणाऱ्या धातूतून फारच कमी, त्यामुळे धातू चटका बसण्याइतका गरम असला तरी आकडा खूप कमी येतो. खरं मोजायचं तर आधी आणि नंतर एकाच जागी काळी टेप चिकटवायची आणि त्या टेपवर गन धरायची. म्हणजे तो वायर ब्रश माझ्या गाडीच्या काळजीने मारलेला नव्हता, आकडा पाडायला मारलेला होता.

स्कॅनरचंही तेच. माझ्या गाडीत हवेचं तापमान मोजणारा सेन्सर मॅफच्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या भागाच्या) आतच आहे, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याला लागून, थ्रॉटलच्याही (हवा कमी-जास्त सोडणाऱ्या झडपेच्या) कितीतरी आधी. स्पेसर बसतो त्याच्या पुढे. हवा सेन्सरवरून गेल्यानंतर मॅनिफोल्डमध्ये काय होतं ते त्या सेन्सरला कळणारच नाही, मग स्पेसरने तो आकडा कमी होईल कसा? आकडा कमी झाला कारण एकदा संध्याकाळी तापलेली गाडी होती आणि एकदा रात्रभर थंड झालेली. ज्यांच्या गाडीत तापमानाचा सेन्सर खुद्द मॅनिफोल्डवर असतो त्यांना स्कॅनरवर खरा फरक दिसू शकतो, पण तोही त्याच रस्त्यावर, तितकाच वेळ उभं राहून, बॉनेट बंद ठेवून मोजला तरच.

आणि ॲव्हरेज वाढेल हे तर साफ खोटं होतं. हळू चालवताना इंजिनला जेवढी हवा लागते तेवढीच थ्रॉटल आत सोडतो, हवा थंड आणि दाट झाली की तेवढ्याच ताकदीसाठी थ्रॉटल आणखी मिटावा लागतो, पेट्रोल वाचत नाही. फुल ॲक्सिलरेटरवर ४० डिग्रीची हवा ३० ची झाली तर ती साधारण तीन टक्के दाट होते, हिशोबाने एवढंच, आणि तेही पूर्ण मिळत नाही कारण ५००० आरपीएमला एक सक्शन स्ट्रोक सहा मिलिसेकंदात संपतो, इतक्या वेगात जाणाऱ्या हवेला मॅनिफोल्डकडून तापायला तसाही वेळ कमी मिळतो. फायदा आहे तो मुख्यतः थांबत-थांबत चालताना. मॅनिफोल्डच प्लास्टिकचा असेल, जसा आजकाल पुष्कळ गाड्यांत असतो, तर तो स्वतःच उष्णता अडवतो, तिथं स्पेसर लावून हातात फारसं काही येत नाही. हे सगळं मला आधी माहीत नव्हतं, नंतर शिकलो.

पहिला आठवडा गाडी भारी वाटली. त्याने थ्रॉटल बॉडी साफ केली होती आणि बॅटरी काढून लावली होती, त्याचाच परिणाम असणार. साधारण पाच आठवड्यांनी इंजिन गरम झालं की आरपीएम वर-खाली व्हायला लागला, ७०० वरून १३०० आणि परत खाली, उभ्या गाडीत बसून नुसता काटा नाचताना बघायचा. बारीक सूं असा आवाज. मग चेक इंजिनचा दिवा लागला. त्याच्याकडे गेलो, त्याने कोड बघितला, पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी. स्पेसरचं नावच काढलं नाही! "दादा तुमचा ऑक्सिजन सेन्सर गेलाय, गाडीचं वय झालं." नवा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) लावला, कोड पुसला, पैसे घेतले. जुना सेन्सर मात्र मी हट्टाने मागून घेतला.

चार दिवसांत दिवा परत. परत गेलो तर म्हणाला बोल्ट थोडे बसले असतील, आवळून देतो, आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) वगैरे काही नाही, साधा लांब पाना घेऊन जोर लावला. तिसऱ्या बोल्टला कट् असा आवाज आला आणि पाना मोकळा फिरला. मी समोर उभा होतो. तो म्हणाला "काही नाही, घट्ट बसला."

यानंतर मी गाडी एका जुन्या मेकॅनिककडे नेली, वयस्कर माणूस, फार बोलत नाहीत. त्यांनी आधी स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा, बघितला. उभ्या गाडीत कॉम्प्युटर २२ टक्के जास्तीचं पेट्रोल घालत होता, २५०० आरपीएमला तोच आकडा ५ वर आला. ते म्हणाले, "सेन्सर खराब असता तर आकडा असा आरपीएमबरोबर उतरला नसता. कुठूनतरी चोरटी हवा येतेय. आयडलला इंजिन हवा थोडीच घेतं म्हणून ती गळती मोठी ठरते, रेस वाढली की तीच गळती एकूण हवेत किरकोळ होते." मग मॅनिफोल्डच्या आत स्मोक मशीनचा धूर सोडला तर तिसऱ्या सिलेंडरच्या इथून धुराची बारीक रेघ बाहेर. (घरी कोणी गरम इंजिनवर क्लीनरचा स्प्रे मारून गळती शोधू नका, तो पेट घेतो.)

मॅनिफोल्ड काढला तेव्हाचं दृश्य मी विसरणार नाही. त्या "फेनॉलिक" पट्टीवर बोल्टच्या जागी खोल खड्डे पडले होते, आणि दाबलं गेलेलं मटेरियल मेणासारखं आत सरकून हवेच्या भोकात ओठासारखं डोकावत होतं. व्हर्नियर लावला, बोल्टपासून लांब १० एमएम, बोल्टजवळ साडेआठ. त्यांनी पट्टीचा कोपरा कापून पाण्याच्या बादलीत टाकला. तरंगला. फेनॉलिक पाण्यात बुडतं. मग सोल्डरिंगची गरम सुई टोचली, सरळ आत गेली, बाहेर काढताना तार आली आणि विझलेल्या मेणबत्तीसारखा वास आला. साधं काळं पॉलिथिलीन, १३० डिग्रीच्या आसपास वितळणारं आणि त्याच्या कितीतरी आधी मऊ पडणारं. माझ्या इंजिनचं कूलंटच ९०-९५ ला असतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, उष्णता अडवायचं म्हटलं तर पॉलिथिलीनही अडवतं, ॲल्युमिनियमच्या मानाने दोघंही शेकडो पटींनी कमी उष्णता पुढे जाऊ देतात. फरक आहे तो गरम असताना बोल्टच्या दाबाखाली टिकण्याचा. फेनॉलिक म्हणजे बेकलाइटच्या घराण्यातलं, लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये शोधलेलं, विजेच्या जुन्या काळ्या बटणांचं मटेरियल. ते एकदा भट्टीत पक्कं झालं की परत वितळत नाही, फार तापलं तर करपतं. स्पेसरसाठी त्यात कापडाचे किंवा कागदाचे थर घातलेल्या शीट वापरतात, कापलेल्या कडेला ते थर रेघांसारखे दिसतात आणि ड्रिल मारलं तर भुगा पडतो, गुंडाळ्या नाही, वास कार्बोलिकसारखा उग्र. माझ्या पट्टीच्या कडा त्याने काळ्या रंगाने रंगवल्या होत्या. का, ते आता कळलं. काही जण ॲल्युमिनियमचा स्पेसर पण "हीट स्पेसर" म्हणून खपवतात, ॲल्युमिनियम उष्णता अडवणार कसं सांगा.

सगळ्यात जास्त राग मला बोल्टचा येतो. दहा एमएमची पट्टी घातली तर बोल्टही दहा एमएम लांब हवेत, हे कोणालाही सांगता येईल. त्याने कंपनीचेच जुने बोल्ट परत लावले होते. आठ एमएमचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये किमान बारा एमएम तरी आत शिरायला हवा, माझे जेमतेम पाच एमएम शिरले होते, म्हणजे चार आटे. चार आट्यांवर लांब पाना लावून जोर दिला तर हेडचे आटे सोलून निघणारच, तो कट् आवाज त्याचाच होता. शिवाय मॅनिफोल्ड दहा एमएम सरकल्यामुळे खालचा आधाराचा ब्रॅकेट बसेना म्हणून तो चक्क काढून टाकलेला, आणि पेट्रोलचा पाइप ताणलेला. पेट्रोलचा पाइप! तो सुटला असता तर मी आज हे लिहायला बसलो असतो की नाही माहीत नाही.

तुम्हाला करायचंच असेल तर पट्टी बसवण्याआधी हातात घ्या, कडा बघा, तुकडा पाण्यात टाका, पण नुसतं बुडलं म्हणजे फेनॉलिक असं धरू नका, नायलॉनही बुडतं, गरम सुईची परीक्षा करा. चांगला माणूस हे करू देतो, जो करू देत नाही त्याच्याकडून गाडी परत आणा. नवे लांब बोल्ट समोर मोजून घ्या. काढलेला प्रत्येक भाग, पॅकिंगसकट, परत मागा. ज्यांनी आधीच बसवलंय आणि आरपीएम नाचतोय त्यांनी कोणाचंही ऐकून सेन्सर बदलू नका, आधी फ्युएल ट्रिम उभ्या गाडीत आणि २५०० ला बघा. आणि गळती सापडेपर्यंत गाडी रगडू नका, पेट्रोल कमी पडणाऱ्या मिश्रणावर जोरात चालवलं की इंजिन ठोकायला लागतं.

मी पट्टी आणि व्हिडिओ घेऊन त्याच्याकडे गेलो होतो. आधी म्हणाला तुम्ही गाडी रगडली असेल, मग म्हणाला हा माल माझा नाहीच, बिल दाखवा. बिल नव्हतं. नंतर फोन उचलणंच बंद केलं.

तिसऱ्या बोल्टच्या भोकात हेलिकॉइल (आट्यांसाठीची तारेची गुंडाळी) बसवून आटे नवे केले, कंपनीचं नवं पॅकिंग घातलं, ब्रॅकेट परत जागेवर, बोल्ट टॉर्क रेंचने मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला दोन-तीन फेऱ्यांत आवळले. ट्रिम आता २ टक्क्यांवर आहे. मग त्या माणसाने "गेलाय" म्हणून काढलेला जुना ऑक्सिजन सेन्सर परत लावून बघितला, दोन दिवस गाडी चालवली. तो अगदी व्यवस्थित चालतोय.