वनस्पतीचा अर्क: सॉक्सलेट की थंड भिजवण?

कडुनिंबाच्या बियांतलं अझाडिरॅक्टिन (कीटकनाशक संयुग) हवं असेल तर सॉक्सलेट नकोच. या काचेच्या उपकरणात खालच्या फ्लास्कमधला द्रावक उकळतो, त्याची वाफ वर थंड होऊन भुकटीवर पडते आणि अर्क घेऊन पुन्हा खाली येते, असं चक्र चालू राहतं. थिंबलमधल्या (भुकटी ठेवायच्या सच्छिद्र नळीतल्या) भुकटीवर तुलनेने गार द्रावक पडतो खरा, पण निघालेला अर्क खालच्या फ्लास्कमध्ये तासन्‌तास उकळत राहतो आणि उष्णतेने नासणारी संयुगं तिथेच नष्ट होतात. अशा वेळी भिजवण बरी: 20 ग्रॅम भरड भुकटी, 200 मिली इथेनॉल, घट्ट बूच, अंधारी जागा, 3 दिवस अधूनमधून हलवणं. गाळून उरलेला चोथा ताज्या द्रावकात पुन्हा दोनदा भिजवा. एकदाच भिजवलं तर बराच माल चोथ्यातच राहतो. नुसत्या पाण्यात मात्र इतके दिवस ठेवू नका, आंबतं.

उष्णता सोसणाऱ्या संयुगांसाठी सॉक्सलेट उत्तम. प्रत्येक फेरीला ताजा द्रावक मिळतो, 6 ते 8 तासांत काम होतं. सायफनमधला (कप्पा भरला की अर्क खाली फ्लास्कमध्ये सोडणाऱ्या वाकड्या नळीतला) द्रव रंगहीन झाला की साधारण थांबावं. भुकटी सायफनच्या वरच्या वळणापेक्षा खालीच हवी, नाहीतर वरचा थर नीट भिजत नाही. फार बारीक दळलीत तर द्रावकाला वाट मिळत नाही.

एक चूक वारंवार दिसते: सॉक्सलेटमध्ये 70 टक्के इथेनॉल. वाफेत अल्कोहोलचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे भुकटीवर 70 टक्क्यांचं मिश्रण पडतच नाही.