चुंबकीय पट्टी की चिप?

कार्डाच्या पाठीवरची काळी पट्टी आणि पुढच्या बाजूचा सोनेरी चौकोन ही दोन्ही एकाच खात्याकडे नेत असली, तरी त्यांच्या सुरक्षिततेत मोठे अंतर आहे. पट्टीवरची माहिती कायम तीच राहते. त्यामुळे यंत्राच्या फटीत लपवलेल्या रीडरने ती एकदा टिपली की हुबेहूब दुसरे कार्ड तयार करणे फारसे अवघड नसते. चिपमध्ये मात्र छोटा प्रोसेसर असतो आणि तो आतली गुप्त किल्ली बाहेर न देता प्रत्येक व्यवहारासाठी वेगळा सांकेतिक आकडा तयार करतो, म्हणून कालचा चोरलेला आकडा आज निरुपयोगी ठरतो. फ्रेंच संशोधक रोलाँ मोरेनो यांनी चिप असलेल्या कार्डाच्या पेटंटसाठी १९७४ मध्ये अर्ज केला होता, तरी अमेरिकेतील दुकानांत चिपला खरा वेग आला तो बनावट कार्डाच्या नुकसानीची जबाबदारी चिप न स्वीकारणाऱ्यावर टाकणारा नियम २०१५ मध्ये लागू झाल्यावर (भुर्दंडाची भीती उपदेशापेक्षा लवकर कामी येते, ती अशी). ऑनलाइन खरेदीत हा फायदा उरत नाही, कारण तिथे कार्ड यंत्रात जातच नाही, नुसता क्रमांक टाइप होतो. तिथे ओटीपीसारखी दुसरी तपासणी लागतेच. समोरासमोरच्या व्यवहारात मात्र मी चिपच निवडेन, आणि पट्टी घासायला सांगणारे यंत्र आधी नीट न्याहाळून घेईन.