अपघात माझा, भरपाई दलालाची

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातील माझे प्रकरण लोकअदालतीत ४,८५,००० रुपयांवर मिटले आणि माझ्या हातात पडले १,७२,००० रुपये. मधले ३,१३,००० रुपये कोठे गेले हे बँकेच्या नोंदीत स्वच्छ दिसते, तरी त्यातला एक रुपयाही परत आलेला नाही. रुग्णालयाची बिलेच २,३८,४६० रुपयांची होती. म्हणजे चुकीच्या बाजूने आलेल्या टेम्पोने मांडीचे हाड मोडले ते मोडलेच, वर ६६,४६० रुपये पदरचे गेले.

रुग्णालयाच्या वॉर्डात फिरणारे ‘क्लेमवाले’, म्हणजे भरपाई मिळवून देतो म्हणणारे दलाल, बहुतेकांनी पाहिलेले असतात, म्हणून माझा दलाल कसा आला आणि किती गोड बोलला हे सांगत बसत नाही. त्याची खुबी अशी की तो खोटे फारच कमी बोलला. १ एप्रिल २०२२ पासून भरपाईच्या अर्जासाठी कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, हे त्याने सांगितले आणि ते खरे होते. त्या मुदतीचा धाक घालून त्याने वकीलपत्रावर, तीन-चार कोऱ्या कागदांवर आणि नंतर धनादेशांवर सह्या घेतल्या. पहिल्या सह्या मी शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी, वेदनाशामक इंजेक्शनच्या गुंगीत केल्या; घरी बसून ‘वाचल्याशिवाय सही करायची नसते’ असे शिकवणाऱ्यांनी एकदा त्या खाटेवर झोपून पाहावे.

त्याने जे सांगितले नाही ते असे, की पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ (४) प्रमाणे पोलिसांकडून आलेल्या अपघात अहवालालाच भरपाईचा अर्ज मानायचे असते. दलालाची गरज कोठेच नाही. तुमच्या अपघाताचा अहवाल गेला की नाही, हे तपास अधिकाऱ्याला लेखी विचारा.

आता त्या क्षणाविषयी, ज्याची आठवण झाली की अजून मस्तक फिरते. भरपाई जमा होण्यासाठी ‘वेगळे खाते लागते’ असे सांगून त्याने खाते उघडण्याचा अर्ज घरी आणला. नाव, पत्ता, जन्मतारीख सगळे निळ्या शाईने भरलेले होते आणि मोबाइल क्रमांकाच्या चौकटींत काळ्या शाईने दुसराच क्रमांक लिहिलेला होता. मी विचारलेही. तो म्हणाला, “दादा, ओटीपीचा ताप तुमच्या डोक्याला कशाला? माझा पोरगा बघेल. तुम्ही पायाकडे लक्ष द्या.” शाई वेगळी होती, क्रमांक माझा नव्हता आणि तरीही मी सही केली. तोपर्यंत माझी मूळ बिले, क्ष-किरण चित्रे आणि ३० टक्के अपंगत्वाचा दाखला त्याच्याच पिशवीत गेलेला होता. त्याला दुखावले तर दावाच बुडेल अशी माझी समजूत होती आणि त्या अवस्थेत ती अवास्तव होती असे मला आजही वाटत नाही. मूळ कागद देण्यापूर्वी प्रत्येकाची झेरॉक्स काढा आणि पोच घ्या.

पुढे त्याने कळवले की २,९०,००० रुपयांवर तडजोड झाली. “कायद्यात अडीच लाखच आहेत, मी चाळीस हजार जास्तीचे काढले,” असे वर ऐकवले. कलम १६४ खाली, दोष कोणाचा हे न पाहता, गंभीर दुखापतीसाठी २,५०,००० रुपये मिळतात हे खरे. पण माझा दावा कलम १६६ खालचा होता आणि तेथे अशी कमाल मर्यादाच नसते. त्याने २,९०,००० मधून ३० टक्के म्हणजे ८७,००० आणि ‘कोर्ट, डॉक्टर, पोलीस’ असे ३१,००० कापले. वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि भरपाईत वाटा मागता येत नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे. टक्केवारीचा शब्द निघाला की उठून जा.

खरी रक्कम मला ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर प्रकरण निकाली निघालेले दिसल्यावर प्रमाणित प्रत काढली तेव्हा कळली. तडजोडीच्या पुरसिसवर, म्हणजे न्यायालयात दिलेल्या लेखी निवेदनावर, माझी सही होती, तीच कोऱ्या कागदावरची. माझे काम दिवसभर उभ्याने करायचे आहे. अपंगत्वाचा टक्का आणि कमाईचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी असून दुसरीचा स्वतंत्र विचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात सांगितलेले आहे. माझ्या बाबतीत तो विचार कोणी केलाच नाही. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते. फसवणूक झाली असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते, आणि तिचा खर्च ज्याचे पैसे लुटले गेले त्यानेच करायचा.

पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी वाद आहे’ हे एकच वाक्य ऐकायला मिळाले. कोऱ्या कागदावर तडजोड लिहून दुसऱ्याचे पैसे काढणे दिवाणी असेल तर भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८ कोणासाठी ठेवले आहे? बँकेत गेलो तर ‘सही जुळते, चेक तुमचाच आहे’. दोन धनादेशांनी ३,१३,००० रुपये एका तिऱ्हाइताच्या खात्यावर वळते झाले, त्याचे संदेश माझ्याकडे आलेच नाहीत, याचे त्यांना काहीच वाटले नाही. न्यायाधिकरणाच्या कार्यालयाने ‘फाइल बंद झाली’ म्हणून हात झटकले. ग्राहक आयोगात जावे म्हटले, तर वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मे २०२४ मध्येच आलेला. प्रत्येक जण दुसऱ्या दाराकडे बोट दाखवतो आणि प्रत्येक दारात पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगावे लागते, तेही लंगडत जिने चढून.

अखेर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज दिला आहे, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा मार्ग आहे. वकीलपत्रातल्या वकिलाविरुद्ध अधिवक्ता कायद्याच्या कलम ३५ खाली वेगळी तक्रार केली आहे. वकील करण्याची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती आणि ठरलेल्या मर्यादेखालील उत्पन्न असणारे यांना तेथे वकील मोफत मिळतो. वॉर्डात हे मला कोणी सांगितले नव्हते.

तुमचे प्रकरण चालू असेल तर वकिलाकडून सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे ई-कोर्ट्सवर प्रकरण शोधण्याचा क्रमांक, आजच मागून घ्या आणि पुढची तारीख स्वतः तपासा. भरपाईच्या खात्याला कोणाचा मोबाइल जोडलेला आहे हे शाखेत जाऊन विचारा. प्रकरण मिटले असेल तर निवाड्याची प्रमाणित प्रत आणि खात्याचा उतारा शेजारी ठेवून रकमा जुळवा. अधीक्षक कार्यालयाने माझ्या अर्जातले हे दोनच कागद उघडून पाहिले.