नऊ महिन्यांनी अनइन्स्टॉल: सुंभ जळला, पीळ राहिला

एडिटर म्हणून या पीडीएफ सॉफ्टवेअरबद्दल फारशी तक्रार नाही. पानं जोडणं, फॉर्म भरणं, सही टाकणं नीट चालायचं. देवनागरीचं ओसीआर (स्कॅनमधला मजकूर ओळखणं) यथातथाच. पुढची वर्गणी भरायची नव्हती म्हणून काढून टाकलं. दोन मिनिटांत 'अनइन्स्टॉल यशस्वी'. रीस्टार्ट केलं, तर कोपऱ्यात सूचना: नवी आवृत्ती उपलब्ध आहे. कशाची?

मागे राहिलेला माल असा: अपडेटरची सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम), विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारं साधन) दोन टास्क (एक लॉगिनला, एक दर तासाला), राइट-क्लिक मेनूतली एक ओळ, प्रिंटरच्या यादीत व्हर्च्युअल प्रिंटर आणि प्रोग्रॅमडेटा फोल्डरात जुन्या इन्स्टॉलरच्या प्रती.

बाकीचं एक वेळ माफ. अपडेटर नाही. तो मुळात वेगळं पॅकेज म्हणून बसतो, त्यामुळे मुख्य अनइन्स्टॉलर त्याला हातच लावत नाही. आणि प्रोग्रॅमच्या यादीत तो दिसत नाही, कारण मुद्दाम लपवलेला असतो. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) एचकेएलएम (एचकी लोकल मशीन), सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, अनइन्स्टॉल या वाटेने जा. 64-बिट विंडोजवर अपडेटर 32-बिट असेल तर सॉफ्टवेअरनंतर वाव6432नोड लागतं. अपडेटरच्या की-मध्ये (नोंदीच्या कप्प्यात) 'सिस्टमकंपोनंट'ची किंमत 1 असते. की एक्सपोर्ट करून ठेवा, 1 चं 0 करा, यादी पुन्हा उघडा. साहेब प्रकट होतात आणि मुकाट्याने अनइन्स्टॉलही होतात! म्हणजे काढायची सोय होती, फक्त दार भिंतीसारखं रंगवलेलं.

सपोर्टचं उत्तर होतं, 'रजिस्ट्री क्लीनर चालवा'. व्यर्थ. क्लीनर बेवारस नोंदी शोधतो. इथे नोंद जिवंत आणि फाइलही जागेवर.

लपवलेली नोंदच नसेल तर हाताने काढावं लागतं, आणि तिथे क्रम महत्त्वाचा. आधी दोन्ही टास्क डिसेबल करा, नाहीतर तासाभरात सर्व्हिस परत उभी राहू शकते. मग सर्व्हिस थांबवून कमांड प्रॉम्प्टमध्ये, ॲडमिन म्हणून, 'एससी डिलीट' आणि सर्व्हिसचं नाव. यादीत दिसतं ते लांबलचक नाव चालत नाही. प्रॉपर्टीजमधलं 'सर्व्हिस नेम' घ्या. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलमध्ये हीच कमांड दिली तर सर्व्हिस जात नाही, उलट 'डिलीट' नावाची फाइल तयार होते, कारण तिथे 'एससी' हे फाइलीत मजकूर लिहिणाऱ्या सेट-कंटेंट कमांडचं टोपणनाव आहे. तिथे 'एससी डॉट ईएक्सई' असं पूर्ण लिहा.

प्रिंटर डिलीट केला तरी ड्रायव्हर राहतो. प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजच्या ड्रायव्हर्स टॅबमधून ड्रायव्हर आणि पॅकेज दोन्ही काढा. 'वापरात आहे' म्हणाला तर प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी सर्व्हिस) रीस्टार्ट करून लगेच पुन्हा प्रयत्न करा.

इथे एक मत बदलतो. व्हिज्युअल सी++ रनटाइम आणि वेबव्ह्यू2 मागे राहिले म्हणून आधी त्यांनाही शिव्या घालणार होतो. ते चूक ठरलं असतं. ती सामायिक चीज आहे. अनइन्स्टॉलरने ती उपटली असती तर दुसरे प्रोग्रॅम बंद पडले असते. त्यांना हात लावू नका. ॲपडेटातल्या सेटिंग्ज ठेवणंही समजू शकतो, पण 'ठेवू की काढू' एवढा एक चेकबॉक्स द्यायला काय जातं? त्यातही संगणकावर तीन खाती असतील तर तिन्हींच्या रोमिंग आणि लोकल फोल्डरात वेगवेगळं बघावं लागतं.

एडिटरला तीन तारे, अनइन्स्टॉलरला भोपळा.

शेवटची तपासणी मायक्रोसॉफ्टच्याच ऑटोरन्सने (आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी दाखवणारं साधन) करा, मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवून. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइल नाही. राइट-क्लिक मेनूची डीएलएल (प्रोग्रॅमची सहाय्यक फाइल) एक्सप्लोररने धरून ठेवलेली असते, म्हणून फोल्डर डिलीट होत नाही. ऑटोरन्समध्ये त्या नोंदीवरची खूण काढा, टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर रीस्टार्ट करा, मग फोल्डर उडवा.