वेरूळ-दौलताबादची एक दिवसाची गाडी : परदेशी मित्रासोबत जाताना

छत्रपती संभाजीनगरच्या रेल्वे स्टेशनसमोर, मध्यवर्ती बसस्थानकाच्या आसपास आणि बऱ्याच लॉजच्या काउंटरवर एकच यादी ऐकू येते : दौलताबाद, खुलदाबाद, वेरूळ, घृष्णेश्वर, पाणचक्की, बीबी का मकबरा, सगळं एका दिवसात. विद्यापीठात शिकायला आलेला परदेशी विद्यार्थी आणि त्याचा इथला वर्गमित्र शनिवार-रविवारी फिरायला निघाले की बहुधा हीच गाडी ठरवतात. गाड्या आणि चालक यांच्याबद्दल फारशी तक्रार नाही. अडचण आहे ती ठिकाणांच्या क्रमाची आणि वेळेच्या वाटणीची, आणि गाडी ठरवतानाच बोललं तर दोन्ही बदलून मिळतात.

नेहमीच्या फेरीत गाडी साडेनऊ-दहाला निघते. दौलताबादला पोहोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं, मग "वर काही नाही, खालूनच बघा" असा सल्ला मिळतो. वेरूळला दीड-दोन तास मिळतात, त्यातला बराचसा घृष्णेश्वराच्या रांगेत जातो. परतीला पैठणी आणि हिमरू कापडाच्या दुकानासमोर गाडी थांबते आणि पाऊण तास तिथे संपतो. हिमरू बघण्यासारखं आहेच, पण ते शहरात कुठल्याही संध्याकाळी बघता येतं. कैलास लेणं तसं बघता येत नाही.

त्यामुळे पैसे ठरवण्याआधी चार गोष्टी स्पष्ट बोलून घ्या. आठच्या आत निघायचं. दौलताबादला तीन तास थांबायचं. वेरूळला दुपारपासून लेणी बंद होईपर्यंत थांबायचं. दुकानात थांबायचं नाही. बदल्यात खुलदाबाद आणि पाणचक्की सोडून द्या. चालकाचंही डिझेल वाचतं, तो सहसा नाही म्हणत नाही. सांगितलेल्या भाड्यात प्रवेश तिकिटं आणि गाइड धरलेले नसतात. पार्किंग आणि टोल कोणी द्यायचा तेही आधीच विचारा, कारण संध्याकाळी वाद होतो तो यावरूनच.

तिकिटांचा हिशेब परदेशी मित्राला आदल्या दिवशीच सांगावा. पुरातत्त्व खात्याच्या खिडकीवर वेरूळला भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी पाहुण्यांना ६०० रुपये लागतात. दौलताबाद आणि मकबरा यांना प्रत्येकी २५ आणि ३००. म्हणजे तिन्ही ठिकाणी मिळून तुमचे ९० रुपये, त्याचे १२००. ऑनलाइन काढली तर त्याचे १०५० होतात. विद्यार्थ्याच्या खिशाला हा फरक जाणवतो. मात्र सार्क आणि बिम्सटेक देशांच्या नागरिकांना भारतीयांचाच दर आहे : नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव, अफगाणिस्तान, पाकिस्तान, म्यानमार, थायलंड. येमेन, सुदान, इराकच्या मुलांना ही सवलत नाही. सवलत राष्ट्रीयत्वावर मिळते, म्हणून मूळ पासपोर्ट जवळ हवा. विद्यापीठाचं ओळखपत्र दाखवून खिडकीवर हुज्जत घालण्यात अर्धा तास जातो आणि हाती काही लागत नाही. ऑनलाइन तिकीट शहरातूनच काढून ठेवा; सुटीच्या दिवशी लेण्यांपाशी नेटवर्क रडवतं. पैसे कमी असतील तर मकबरा बाहेरून बघा, वेरूळ सोडू नका.

दौलताबाद शहरापासून साधारण १५ किलोमीटर. यादवांची देवगिरी ती हीच, आणि १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी आणली तीही इथेच. खालचा भाग सपाट आहे : हत्ती हौद, भारतमाता मंदिर, साठ मीटरहून उंच चाँद मिनार (आत चढता येत नाही), चिनी महाल, मेंढा तोफ. यावर पाऊण तास पुरतो. खरा किल्ला खंदकाच्या पुलापलीकडे सुरू होतो. तासून उभा केलेला कातळ आणि त्यातून वर नेणारी अंधेरी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, हा या गडाचा जीव आहे. शत्रूला वाट सापडू नये, सापडली तरी एका वेळी एकाच माणसाने चढावं, अशी ती रचना आहे, आणि ती आतून चालल्याशिवाय कळत नाही. अंधेरीत वटवाघळं आहेत, उग्र वास येतो, पायऱ्यांची उंची कमी-जास्त आहे. मोबाइलचा उजेड एका हातात अडकतो आणि दुसरा हात भिंतीला लागतो, म्हणून छोटी बॅटरी किंवा डोक्याला बांधायचा दिवा असेल तर उत्तम. नाकाला रुमाल बांधा. पावसाळ्यात गुळगुळीत तळव्याचे बूट घालू नका. माथ्याजवळच्या बारादरी महालापर्यंत चढायला सवय असलेल्याला तास, नसलेल्याला दीड तास. वानरं पिशवीतलं खाणं हेरतात; बिस्किटाचा पुडा हातात धरून चढू नका.

शनिवारी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची : खुलदाबादच्या भद्रा मारुतीची गर्दी. श्रावणात तर शहरातून रात्रभर चालत लोक येतात आणि पोलीस वाहतूक माळीवाडा-कसाबखेडामार्गे वळवतात. एरवीही दौलताबादच्या तटातल्या अरुंद दरवाजातून रस्ता जातो, तिथे समोरासमोर दोन मोठ्या गाड्या आल्या की रांग लागते. श्रावण सोडून इतर महिन्यांतही शनिवारपेक्षा रविवारची सकाळ बरी. सहलीची गर्दी अकरानंतर वाढते.

वेरूळला घाई करू नका. शहरापासून ३० किलोमीटरवरची ही ३४ लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी आत अंधारच असतो, प्रकाश दुपारनंतर येतो. म्हणून जेवण उरकून आधी उत्तरेच्या टोकाला, जैन लेण्यांकडे जा. अंतर बरंच आहे, उन्हात चालण्यापेक्षा तिथे जाणारी गाडी घ्या. ३२ क्रमांकाची इंद्रसभा बघायची, वरच्या मजल्यावरचं कमळाचं छत चुकवायचं नाही. मग सोळा क्रमांक, म्हणजे कैलास लेणं.

आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात हे काम मोठ्या प्रमाणावर झालं असं मानतात. मित्राला एवढं एकच आधी समजावून द्या : हे बांधलेलं देऊळ नाही. वरून खाली कातळ कोरत आणलाय, म्हणजे कळस आधी आणि पाया शेवटी. एकदा चुकून जास्त दगड निघाला असता तर परत लावायची सोय नव्हती. अंगणात शिरल्यावर डावीकडून किंवा उजवीकडून, पण पूर्ण फेरी मारा. दक्षिणेच्या भिंतीवर रामायण, उत्तरेला महाभारत. दक्षिणेलाच खाली रावण कैलास हलवतोय तो शिल्पपट आहे. पार्वती शंकराला बिलगलेली आणि शंकर नुसता पाय दाबून स्थिर बसलेला. मग जिना चढून मंडपात जा, छतावर जुन्या रंगाचे अवशेष दिसतात. दीड तास इथेच द्या. मान्यताप्राप्त गाइड घेणार असाल तर फक्त कैलासासाठी आणि दहाव्या लेण्यासाठी घ्या, आणि ओळखपत्र बघून घ्या.

चारनंतर दक्षिणेकडे वळा. बारा क्रमांकाच्या तीन तालाच्या वरच्या मजल्यावर ओळीने बसलेले बुद्ध आहेत. दहावं लेणं, विश्वकर्मा किंवा सुतार की झोपडी, शेवटी ठेवा : उतरतं ऊन चैत्याच्या गवाक्षातून आत येऊन बुद्धमूर्तीवर पडतं आणि छताच्या दगडी फासळ्या एकेक मोजता येतात. यादीतल्या गाड्या नेमक्या या वेळी मकबऱ्याच्या वाटेवर असतात, हे फार वाईट वाटतं.

घृष्णेश्वर करायचंच असेल तर लेण्यांच्या आधी करा. गाभाऱ्यात पुरुषांना सदरा-बनियन काढावं लागतं आणि मोबाइल आत नेता येत नाही, हे मित्राला रांगेत नव्हे, घरून निघतानाच सांगा.

दोघंच असाल तर पूर्ण गाडीचं भाडं जड जातं. चौघं मिळाले तर परवडते. दोघांनी एसटी धरावी. मध्यवर्ती बसस्थानकातून कन्नड, चाळीसगावकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या वेरूळवरून जातात. दौलताबादला थांबते का ते कंडक्टरला चढण्याआधी विचारा. एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे. दौलताबादहून पुढे काळी-पिवळी मिळते, पण ती भरेपर्यंत हलत नाही. परतीला अंधार पडायची वाट बघू नका, सुटीच्या दिवशी संध्याकाळच्या गाड्या वेरूळला येतानाच भरलेल्या असतात.

जेवण लेण्यांसमोर साधंच मिळतं. थाळी मागवताना तिखट कमी सांगा. सीताफळाच्या दिवसांत दौलताबादच्या पायथ्याशी टोपल्या लागतात, तिथे जरूर थांबा. मांसाहारी मित्राला नान-खलिया खाऊ घालायचा तर रात्री शहागंज भागात न्या.

अजिंठा या फेरीत घुसवू नका. ते १०० किलोमीटरवर वेगळ्या रस्त्याला आहे आणि फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडून तिथल्या बसने जावं लागतं. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. सोमवार जोडून सुटी आली तर अजिंठा शनिवारी किंवा रविवारी उरका आणि सोमवार वेरूळला ठेवा.